मागच्या रांगेतला हात

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी अमरावतीहून अकोल्याला एक कागद आणायला निघालो. कागद तळहाताएवढा. तेवढ्यासाठी पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात बहात्तर वर्षांचा माणूस एसटीत बसतो म्हणजे त्याचं डोकं तपासायला पाहिजे, असं कंडक्टरच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी त्याला म्हटलं, पोरगी पाहाले चाललो, माह्यासाठी. त्यानं माझ्या बोळक्याकडे पाहिलं आणि मशीनमधून ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट काढलं.

"एकच ना बाबा?"

एकच. शालूला जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिकीट काढताना तोंडात आधी 'दोन' येतं.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं खोटं मानायला तुम्हाला सोपं जाईल. मी धर्मपाल. एका सरकारी कचेरीत शिपाई होतो. शिक्षण सातवी, आठवीनं मला घेतलं नाही, मीही तिच्या फार मागं लागलो नाही. जन्मभर एकच धंदा मन लावून केला, लोकांची फजिती करण्याचा. बदलीचा खोटा हुकूम टाइप करवून आमच्या हेडक्लार्कला दूर जंगलातल्या धारणीला पाठवला होता. बिचारा वळकटी, स्टोव्ह, बायकोनं दिलेलं लोणचं घेऊन जीपमध्ये बसला, जीप सुरू झाली, तेव्हा सांगितलं. माझ्या लग्नात सासऱ्याला कानात म्हटलं की मी नवरदेव नाही, नवरदेवाचा भाऊ आहे, नवरदेव पळाला. म्हातारा पाऊण तास रडला. शालू मात्र हसत होती. तिथंच मी समजलो, ही टिकते.

अशा माणसानं खरं सांगितलं की लोक आधी आपले खिसे चाचपून पाहतात. त्यांची चूक नाही.

संध्याताई तायडे हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. त्या टीव्हीवर कधी आल्या नाहीत, त्यांची कॅसेट निघाली नाही. स्वतः लिहायच्या, स्वतः चाल लावायच्या आणि मांडीजवळ पेटी ओढून स्वतःच म्हणायच्या. बाबासाहेबांवर म्हणायच्या, कापूस वेचणाऱ्या बायांवर म्हणायच्या, कोरड्या नळावर म्हणायच्या. शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत अकोल्याला, शालूच्या माहेराजवळ, एका बंद जिनिंगच्या आवारात त्यांचा कार्यक्रम होता. हवेत सरकीचा जुना तेलकट वास. माणसं एका बाजूला, बाया एका बाजूला. मी पुढं, स्टेजच्या पायाशी. शालू तिकडे बायांत. आवाराच्या मागच्या टोकाला टिनाचं शेड आणि त्याच्या पुढं शेवटची रांग.

त्यांच्या कार्यक्रमाची एक रीत होती. ज्याला फर्माइश करायची त्यानं चिठ्ठी पाठवायची. ताई चिठ्ठी वाचणार आणि विचारणार, कुठं हायेत? त्या माणसानं हात वर करायचा. हात दिसला तरच गाणं. मग त्या गाण्यात जागच्या जागी दोन ओळी नव्या घालायच्या, चिठ्ठीतल्या माणसाच्या. हात वर आला नाही तर चिठ्ठी घडी करून पेटीच्या खणात. तिथून ती परत निघत नसे.

मला शालूसाठी एक गाणं पाहिजे होतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि मी तिला गंमतीशिवाय काही दिलं नव्हतं. पण शेदोनशे माणसांपुढं हात वर करून 'बायकोसाठी' म्हणायचं म्हणजे माझी इभ्रतच गेली. मग मी माझ्या पद्धतीनं केलं. शालू घरी बायांचे ब्लाऊज शिवायची. तिच्या मापाच्या वहीतलं एक पान त्या दिवशी माझ्या खिशात होतं. त्याच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'शालू शिवणकाम करते. तिच्यासाठी म्हणा.' खाली नाव टाकलं महादेवराव उंबरकर, मुक्काम रिद्धपूर. असा माणूस नाही. नाव माझ्या मनानं घातलं, गावही मनानं. म्हटलं, ताई नाव वाचतील, हात येणार नाही, गाणं गेलं तर गेलं, निदान बाया शालूकडे पाहतील, आणि मग रस्ताभर मी विचारीन, कोण गं हा महादेवराव?

चिठ्ठी वर गेली आणि लाइन गेली. सगळं आवार काळं. माईक मेला. लोक उठायला लागले तर ताईंनी पेटीवर दोनदा बोटं आपटली आणि म्हणाल्या, बसा, आवाज लाइनवर चालत नाही. कोणीतरी टॉर्च दिला. त्या उजेडात त्यांनी माझी चिठ्ठी वाचली. आधी मनात वाचली, मग मोठ्यानं. टॉर्च उचलला आणि मागं फिरवला.

"महादेवराव... कुठं हायेत?"

मी तोंडात रुमाल कोंबला होता. टॉर्चचा उजेड रांगांवरून सरकत गेला, शेडपर्यंत गेला. आणि शेवटच्या रांगेत एक हात वर आला.

मी मनात म्हटलं, वा रे गड्या. माझ्यासारखाच कोणी खट्याळ दिसतो. अंधारात दुसऱ्याचं गाणं खाऊन टाकतो. माझं हसू काही थांबेना. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टॉर्च विझवला आणि माईकशिवाय, दिव्याशिवाय म्हणाल्या:

सुईत दोरा ओवता ओवता, सांज झाली वं शालू,
चाल पुढं तू, येतो मी मांगं, कवाड नको वं घालू.

 ज्यानं ज्यानं ते ऐकलं त्याला तो कार्यक्रम म्हणजे तेवढ्या दोन ओळीच आठवतात.

घरी जाताना मी ठरल्याप्रमाणे विचारलं, कोण गं हा? शालूनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, मांगं बसले व्हते ते. मी सांगून टाकलं की चिठ्ठी माझी, नाव खोटं. ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "तुमी त पुढं बसले व्हते."

त्याच महिन्यात तिनं जन्मातला एकुलता एक पुरुषी शर्ट शिवला. मला वाटलं माझ्यासाठी. घालून पाहिला तर खांदे माझ्या कोपरांवर आले आणि उजव्या कफाला ना काज ना गुंडी. मी तिला आठ दिवस छळलं. हत्तीसाठी शिवला का, गुंडीचा दुष्काळ पडला का. तिनं शर्ट घडी करून आपल्या कपड्यांच्या पेटीत, तळाला ठेवला.

ताई गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. दरवर्षी मे महिन्यात, त्यांच्या आठवणीच्या दिवशी आम्ही चारच जण अकोल्याला गजेंद्रच्या घरी भर दुपारी जमतो. गजेंद्र कृषी विद्यापीठातून रिटायर झालेला, मोजून बोलणारा माणूस. भावना शाळेत शिकवते. कार्यक्रमाला ती दहा वर्षांची होती, आईच्या मांडीवर. पिंटू बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो, साठीला टेकला तरी पिंटूच. आणि मी. रेकॉर्डिंग काही नाही, म्हणून आम्ही तो कार्यक्रम तोंडानं परत करतो. लाइन कशी गेली, टॉर्च कोणाचा होता, हात कसा वर आला.

पहिल्या वर्षी गजेंद्रनं त्या हाताची गोष्ट काढली, तेव्हा मी मनात लाडू खाल्ला. माझं खोटं सतरा वर्षं जगलं होतं. मी चूप राहिलो. दुसऱ्या वर्षी पिंटू म्हणाला, माणूस धिप्पाड होता. पुढच्या वर्षी भावना म्हणाली, गाणं संपल्यावर तो रडत होता. मला चेव आला. मीही माझ्याकडून घालायला लागलो. म्हटलं, त्याची उजवी करंगळी अर्धी होती, मी पाहिली, जिनिंगच्या मशीनमध्ये गेली असेल. तिघांनी माना हलवल्या. हो हो, अर्धीच होती. मी परतीच्या एसटीत एकटाच हसत आलो. महादेवरावाला हाड नव्हतं, ते मी दिलं.

मग शालू आजारी पडली. शेवटच्या महिन्यात मी खाटेजवळ बसायचो तर ती माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहायची. मी वळून पाहायचो. भिंत, कॅलेंडर, शिलाई मशीन. काय गं, म्हटलं की म्हणायची, काही नाही, तुमी बसा. आणि संध्याकाळी मी दाराची कडी लावायला उठलो की हलक्या आवाजात...

"नका लावू. यायचे हायेत."

ती गेल्यानंतरच्या वर्षी मी अकोल्याला गेलो तो ठरवून. या जगात शालूच्या नावाचं गाणं आता तीन माणसांच्या तोंडात उरलं होतं आणि त्यांना ती शालू कोणाची हेच माहीत नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी माझी, नाव बनावट, शालू माझी. तिघं खोखो हसले. पिंटूनं माझ्या पाठीवर थाप मारली. गजेंद्र मोजून म्हणाला, "धर्मपालभाऊ, शालू महादेवरावाची बायको. सगळ्यायले मालूम हाये. तुमच्या घरच्यायचं नाव तेच निघालं म्हणून गाणं चोरता काय?"

मी पण हसलो. सवय. मग रिद्धपूरला जाऊन आलो, चहाच्या दुकानांत विचारलं, मठांच्या गल्ल्यांत विचारलं. उंबरकर कोणी नव्हतं. ते मला माहीतच होतं. तरी विचारताना मी आवाज का खाली आणत होतो, ते सांगता येत नाही.

आणि या मे महिन्यात पिंटूचा फोन आला. ताईंची पेटी त्याच्याकडे दुरुस्तीला आली होती. खणात जुन्या चिठ्ठ्या सापडल्या. बावीस. महादेवरावाची पण आहे. मी विचारलं, मागं काही लिहिलेलं आहे का? तो म्हणाला, हो, काही मापं हायेत.

शालूचं अक्षर. माझं अक्षर. एकाच कागदावर. यापेक्षा मोठा पुरावा कोणाच्या बापाकडे नव्हता. तो कागद आणायला मी ताईंच्या आठवणीच्या दिवशीच निघालो होतो.

अकोल्याला उतरलो तेव्हा साडेबारा झाले होते. उन्हाळ्यातलं भर दुपारचं अकोलं ज्यानं पाहिलं नाही त्याला भुताचं भय फक्त रात्रीचं वाटतं. रस्त्यावर एक माणूस नाही. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली. डांबर चपलेला चिकटून सोडताना आवाज करत होतं, आणि दोनदा मला वाटलं की तो आवाज माझ्या पावलानंतर अजून एकदा येतो. थांबलो तर थांबला. मी मोठ्यानं म्हटलं, पुढं ये बाप्पा, दोघं मिळून सावली शोधू. कोणी आलं नाही. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत होते, आत माणसं असतील, पण बाहेरून ते सगळं कोणाच्या तरी झोपेसारखं वाटत होतं.

गजेंद्रच्या घरी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. आत अंधार, वाळ्याचा वास. दिसायला थोडा वेळ लागला. तिघं गोल बसले होते, आणि पाच खुर्च्या होत्या. दरवर्षी चार असतात. पाचव्या खुर्चीपुढं कैरीच्या पन्ह्याचा अर्धा पेला.

मी जय भीम म्हटलं. भावनानं उठून जय भीम केला. कोणी हसत नव्हतं. मी दोन टोमणे मारले, तेही चादरीवरच्या पाण्यासारखे वाळून गेले. पिंटूनं टॉवेल पसरला आणि चिठ्ठ्या मांडल्या. माझी मी लांबूनच ओळखली. तेच वाकडंतिकडं अक्षर, कोंबडीच्या पायाचं. मी उचलली, माझ्या पेन्शनच्या अर्जावरची सही काढून बाजूला धरली आणि म्हटलं, पाहा.

त्यांनी पाहिलं. गजेंद्रनं चष्मा लावून पाहिलं. आधी चिठ्ठी, मग सही, परत चिठ्ठी. मग म्हणाला, "हो. तुमचंच लिहिलेलं हाये."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मला कोणी खरं मानलं.  मी म्हटलं, आता मागं पाहा, हे माझ्या शालूचं अक्षर, ब्लाऊजचं माप हाये. आणि चिठ्ठी भावनाकडे दिली, कारण मला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा लावला असता तर डोळे पुसावे लागले असते.

भावना वाचायला लागली. शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द.

"छाती बेचाळीस. खांदा एकोणवीस. बाही पंचवीस..." ती थांबली. "काका, हे ब्लाऊजचं माप नाई."

"वाच."

"उजवी करंगळी अर्धी. गुंडी लावता येत नाई. कफ सैल ठेवणे." तिनं कागद उजेडाकडे केला. "वर नाव लिहिलं हाये. महादेवराव."

मी चिठ्ठी घेतली, चष्मा लावला. शालूचंच अक्षर होतं. तिचा गोल, मागं झुकलेला 'म'. वहीतलं पान मी त्या दिवशी फाडून खिशात टाकलं तेव्हा ते माप त्यावर आधीपासून होतं. म्हणजे मी नाव बनवायच्या आधी. आणि करंगळी तर मी त्यानंतर एकोणीस-वीस वर्षांनी, याच घरात, गंमत म्हणून कापली होती.

मग मला एकदम आशा वाटली. मी यांची जन्मभर फजिती केली, आज हे माझी करून राहिले. पिंटूनं शालूचं अक्षर कुठून तरी उतरवलं असेल. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. फजिती करणाऱ्याच्या नाकपुड्या फुगतात, कानाच्या पाळ्या लाल होतात, मला हे कळतं, मी त्यातला मास्तर आहे. मी म्हटलं, "झालं आता. हसून टाका ना बाप्पा."

कोणी हसलं नाही.

"ते आत्ताच गेले," गजेंद्र हळू आवाजात म्हणाला. "महादेवराव. तुमी यायच्या पाच मिन्टं आधी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आले. म्हणत व्हते..."

"काय म्हणत व्हते?"

"म्हणत व्हते, माहा शर्ट धर्मपालच्या घरी राह्यला. तो घालतो अन् मंग शालूले घेऊन निंगतो."

मी पाचव्या खुर्चीला हात लावला. वेताची खुर्ची. बसायची जागा ओली होती, घामानं होते तशी, आणि गार.

परतीची एसटी चार चाळीसची. आत सात-आठ माणसं, सगळी पुढं. मी मधल्या सीटवर, खिडकीशी. बाजूच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली. मूर्तिजापूरच्या पुढं माझ्या मागच्या बाजूनं कोणी तरी गुणगुणत होतं. बाईचा आवाज, अगदी बारीक, सुई तोंडात धरून शिवताना बाया गुणगुणतात तसा. कवाड नको वं... एवढंच, परत परत. मला वाटलं कोणाचा मोबाईल असेल. बडनेऱ्यापर्यंत मी स्वतःला हेच सांगत होतो. बडनेऱ्याला मान वळवली. मागच्या काचेतून तिरपं ऊन आत येत होतं. शेवटच्या सीटवर नुसता पांढरा उजेड, काही दिसत नव्हतं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. कुलूप जसंच्या तसं. शालूची पेटी खाटेखाली, तिचंही कुलूप तसंच. किल्ली माझ्या करदोड्याला. पेटी ओढली, उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तिच्या साड्या, तिची कात्री, टेप. शर्ट तळाला होता, तिनं ठेवला होता तसाच, घडी घातलेला.

मी तो बाहेर काढला. हलका हिसका दिला. शर्टाच्या कोपरांना वळ्या पडल्या होत्या. काखा ओल्या होत्या. कॉलरला रस्त्याची धूळ.

अजूनही मी विचार करत होतो की हे कसं केलं असेल. मी असतो तर कसं केलं असतं? कुलूपवाल्याला धरलं असतं, बोअरचं पाणी शिंपडलं असतं. करता येतं. सगळं करता येतं. मग छातीच्या खिशात काहीतरी कुरकुरलं.

एसटीचं तिकीट. त्याच तारखेचं, अकोला ते अमरावती, चार चाळीसची गाडी. मी माझं तिकीट काढून बाजूला धरलं. माझ्या नंबरच्या पुढचाच नंबर. माझ्या तिकिटावर छापलेलं होतं, ज्येष्ठ नागरिक एक. त्याच्यावर दोन जण होते. ज्येष्ठ नागरिक एक, महिला एक.

हे वाचणाऱ्यांत गजेंद्र असेल, पिंटू असेल, नाही तर मी जन्मभर ज्याला ज्याला रडवलं त्यातला कोणी असेल, तर त्यानं येऊन सांगावं. मी रागावणार नाही. मी इतका हसेन की तुम्हालाच लाज वाटेल. आठ दिवस वाट पाहिली, अजून कोणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी शर्ट मी पुन्हा घडी करून पेटीत ठेवला. कुलूप लावलं नाही. अंधार पडला तेव्हा सवयीनं दाराशी गेलो. आमची कडी वरच्या बाजूला आहे. ती लावायला मी हात वर केला.

आणि मागून, शिलाई मशीनच्या बाजूनं, कोणीतरी हलकंसं हसलं. माझ्या लग्नात हसलं होतं तसं.